टोकापासून सहा जाळी

समुद्राखालून वीज बेटावर कशी आली, हे विचारले की बेटावरचा कोणीही माणूस एकच चित्र रंगवतो: सुईकाकू होडीच्या पुढच्या टोकाला उभ्या आहेत, पदर वाऱ्यावर उडतो आहे, आणि त्या बोट दाखवतील तिकडून केबल येते आहे. चित्र देखणे आहे. अडचण एवढीच की सुईकाकूंना होडी लागत असे. धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्यांच्या पोटात ढवळायचे. उभ्या जन्मात त्या दोनदाच पलीकडच्या किनाऱ्यावर गेल्या, आणि दोन्ही वेळा परतताना डोळे घट्ट मिटून होडीच्या तळाशी पडून होत्या. त्या वर्षीचे सर्वेक्षणाचे कागद तपासले, तर त्यांत बोटीवर चढलेल्या प्रत्येकाची सही सापडते. काकूंची सही कुठेच नाही. जे घडले ते धक्क्यावर घडले, आणि त्याआधी स्वयंपाकघरात.

काकूंचा धंदा जाळी सांधण्याचा. वडिलांकडून आलेला. अंबाड्यात कायम एक लाकडी सुई खोचलेली, म्हणून हे नाव. घराची पुढची लांबट खोली त्यांची कामाची जागा होती. भिंतीवर हारीने खुंट्या, खुंट्यांवर टांगलेली जाळी, आणि जमिनीवर पाय ठेवायचा तर आधी परवानगी घ्यायची. बेटावरची रीत अशी होती की दोर, बोये आणि शिशाच्या गोळ्या पुरुष स्वतः सोडवून ठेवत आणि नुसते मोकळे जाळे काकूंच्या हवाली करत. सांधून झाले की पुन्हा दोरावर चढवायचे कामही पुरुषांचेच. जाळ्याच्या फाटक्या डोळ्यांशी, म्हणजे भोकांशी, काकूंचा संबंध, दोराशी नाही.

आणि त्या डोळ्यांवरून त्यांना समुद्राचा तळ दिसे. सुरीने कापल्यासारखी स्वच्छ फाट असली की खाली शिंपल्यांचा थर. धागा कुरतडल्यासारखा पिंजला असेल तर खडबडीत खडक. कडेला तांबूस डाग आला की पूर्वी कधीतरी बुडालेल्या गलबताचे लोखंड. जाळे कुठे टाकले होते हे मच्छीमार सांगत, ते कसे फाटले हे जाळेच सांगे, आणि तीस-बत्तीस वर्षांत या दोन्हींचा मेळ काकूंच्या डोक्यात पक्का बसला होता. त्यांनी यातले काही कधी कागदावर उतरवले नाही. कोणी विचारलेच नव्हते.

काकूंचे यजमान म्हणजे इंजिनकाका. बेटावर पहिले डिझेल इंजिन आले तेव्हा ते बसवायला चोवीस वर्षांचा एक तरुण पलीकडून आला होता, सहा महिन्यांच्या बोलीवर. इंजिनाची एक नळी गळायला लागली, तेव्हा तो शेजारच्या जाळीवाल्याच्या घरी जाड दोरा मागायला गेला. घरातल्या मुलीने दोरा दिला नाही. "तुम्हाला गाठ मारता येणार नाही," असे म्हणून ती स्वतःच आली आणि नळीला गुंडाळून गाठी मारून गेली. नवा भाग पलीकडून येईपर्यंत एकोणीस दिवस त्या गाठींनी दम धरला. सहा महिने संपले, तरुण गेला नाही. "इंजिन सोडून जाता येत नाही," असे तो सांगे, आणि कोणते इंजिन, हे विचारून लोक त्याला भंडावून सोडत.

ते इंजिन रोज संध्याकाळी सहाला सुरू होई आणि साडेदहाला थांबे. त्या साडेचार तासांची आठवण निघाली की बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज आजही आपोआप चढतो, कारण त्या काळी सगळे इंजिनाच्या धडधडीपेक्षा वरच्या आवाजात बोलत असत. एखाद्या घरात इस्त्री लागली की साऱ्या बेटावरचे दिवे पिवळे पडत. "आज शाळेच्या बाईंची इस्त्री. उद्या पलीकडे निघाल्या वाटतं," असे काका इंजिनाच्या खोपीत बसल्या बसल्या सांगत, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीला बाई हजर. तेलाची गरमी, दाब, वेग यांची नोंद ते दर अर्ध्या तासाने वहीत करत. एकदा एका आकड्यात अर्ध्याचा फरक राहिल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तेव्हा त्यांनी तो आकडा खोडला, बरोबर आकडा लिहिला आणि खाली सही करून "काल चुकलो" असे लिहिले. त्या वह्या अजून शाबूत आहेत. चोवीस वर्षांच्या वह्यांत हे दोन शब्द तीन ठिकाणी सापडतात.

केबलची बातमी आली ती सर्वेक्षणाच्या बोटीबरोबरच. बोटीवर एक तरुण इंजिनियर होती. तिचे नाव कोणाच्या तोंडी बसेपर्यंत तिला मोजणीबाई म्हणायची सवय लागून गेली होती. बेटाभोवती खडकांचा पट्टा आहे. केबल खडकावर ठेवली तर लाटांबरोबर घासून दोन-चार वर्षांत निकामी होईल. तेव्हा पट्ट्यातून गाळाची एखादी सलग वाट सापडली तरच केबल. नाहीतर प्रस्ताव बंद, आणि जुन्या इंजिनाच्या जागी नवे, मोठे इंजिन. शोधायला दिवस नऊ.

इंजिनकाकांनी हे ऐकले आणि कपडे झटकून म्हणाले, "शोधा म्हणावं. खडकांशिवाय इथे आहे काय?" नव्या इंजिनाचे माहितीपत्रक त्यांनी त्याआधीच कुठूनतरी मिळवले होते. त्यातले चित्र कापून त्यांनी खोपीच्या दाराला आतून चिकटवले.

मोजणीबाई चौथ्या दिवशी काकूंच्या दारात उभी राहिली. तिला घेऊन आला होता काकूंचा धाकटा भाऊ. त्याची होडी सर्वेक्षणाच्या कामावर होती.

"ताई, या बाईंना जरा सांग गं. आम्ही सगळे सांगून थकलो."

"काय सांगू?"

"काकू," मोजणीबाई म्हणाली, "तुम्ही समुद्रावर जात नाही म्हणे कधी."

"नाही जात. समुद्रच येतो माझ्याकडे, फाटून."

मोजणीबाई हसली आणि चपला बाहेर काढून, जाळ्यांच्या कडेकडेने आत येऊन बसली. "चार दिवस मला सगळे खडक कुठे आहेत तेच सांगतायत. मला उलटं सांगा. जाळं कुठे फाटत नाही?"

काकूंचा हात थांबला. बत्तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र तयार होते. भावाचेच जाळे. ते कधी फाटून येत नसे. यायचे ते काळ्या चिकट गाळाने जड होऊन, धुवायला. "दक्षिणेच्या टोकापासून सरळ बाहेर," त्या म्हणाल्या, "सहा जाळी अंतरावर. तिथून एक आडवी पट्टी पलीकडे जाते, नुसता गाळ. हा तिथेच टाकतो, आणि कुणाला सांगत नाही."

"ताई!" भाऊ ओरडला. "ती जागा माझी आहे गं!"

"आता सगळ्यांची झाली. जा, होडी बघ जा."

भाऊ पाय आपटत गेला. मोजणीबाईने फीत काढली. "एक जाळं म्हणजे किती, काकू?" काकूंनी एक सांधलेले जाळे खुंटीवरून उतरवले. दोघींनी ते ताणून खोलीच्या लांबीने घड्या घालत मोजले. शंभर मीटर भरले. मोजणीबाईने वहीत लिहिले: टोकापासून सहाशे मीटर.

त्या संध्याकाळी काकांनी विचारले, "काय विचारत होती?"

"जाळ्यांचं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"जाळ्यांचंच."

काका सहा वाजायला आले म्हणून उठले. काकूंना तेव्हा कुठे उमगले की आपण काय सांगून बसलो. वाट सापडली तर दाराला चिकटवलेले चित्र चित्रच राहणार होते, आणि जुने इंजिनही बंद होणार होते. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला दुसरे काही येत नव्हते, आणि दुसरे काही यावे असे त्याला कधी वाटलेही नव्हते.

सहाव्या दिवशी बोटीवरून तळाचे नमुने काढायचा लोखंडी जबडा टोकापासून सहाशे मीटरवर सोडला. वर आला तो दगड घेऊन. पुन्हा सोडला, पुन्हा दगड. तिसऱ्यांदा जबड्याचा एक दातच तुटला. मोजणीबाई संध्याकाळी स्वतः सांगायला आली, आणि अहवालाचा कच्चा मसुदा तिने लपवला नाही. "मला लिहावं लागतं, काकू. राग मानू नका."

काकूंनी ओळ वाचली. 'स्थानिक माहिती तपासून पाहिली, विश्वासार्ह नाही.' त्यांनी कागद परत दिला आणि चहा विचारला. मोजणीबाई नको म्हणाली.

त्या दिवशी इंजिनकाका खुशीत होते. इंजिनाला त्यांनी दुपारीच पुसून लख्ख केले आणि बेसूर गाणे म्हणत घरी आले. आपले चुकले असते तर काकूंनी मानले असते. पण भावाचे जाळे गाळाने भरून येते, हे त्यांच्या हातांना माहीत होते. हात खोटे बोलत नाहीत आणि दगडही खोटा नव्हता. मग काय झाले?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर पडलेले दिसले. भाऊ मोकळे जाळे दोरावर चढवत बसला होता. जाळे दोराला ताणून बांधत नाहीत. चुण्या घालत घालत बसवतात. ताणले तर डोळे मिटून राहतात आणि मासा अडकत नाही. भावाने शेवटची गाठ मारली तेव्हा शंभर मीटरचे जाळे पन्नास मीटरच्या दोरात बसले होते. मच्छीमार सहा जाळी म्हणत ती दोरावरची, पाण्यातली. काकूंनी मोजून दिली ती आपल्या खोलीतली, जमिनीवरची. बोट दुप्पट लांब जाऊन शोधत होती.

"काय झालं गं, ताई? अशी का उभीस?"

"काही नाही."

"मग उभी राहू नकोस. माझी जागा वाचली, त्याचा आनंद तरी करू दे सुखाने."

हा भाग काकूंनी पुढे अनेकांना सांगितला आहे आणि दर वेळी सारखाच सांगितला आहे. म्हणून तो खरा धरायला हरकत नाही. त्या दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, बोट चुकीच्या जागी शोधत होती."

काकांनी मान वर केली नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले: ताणलेले जाळे, चुण्या, निम्मे अंतर. मग म्हणाले, "हे कुणाला कळलंय?"

"मला."

"आणखी?"

"आता तुम्हाला."

"मग झालं तर. दोघांतच राहू दे. अशा कितीतरी गोष्टी राहतात घरात."

"त्या पोरीने लिहिलंय, विश्वासार्ह नाही."

"कोण वाचणार आहे? कागद जाईल कपाटात."

"कपाटात तरी खोटा कशाला जायचा?"

"अगं, तू आजवर कधी म्हणालीस का, की मला दिवसा वीज पाहिजे म्हणून?"

"नाही म्हणाले. मला वीज नकोच आहे हो. पण माझं जाळं बरोबर होतं."

"आणि माझं इंजिन?"

'काल चुकलो' हे वहीतले दोन शब्द काकूंच्या ओठांवर आले होते; त्या तीन जागा त्यांनाही ठाऊक होत्या. पण तेच शब्द काकांवर उलटवणे त्यांना जमले नाही. काकांनी ताट पुढे सरकवले आणि उठले.

आठवा दिवस काकूंनी खोलीत काढला. एक जाळे सांधायला घेतले आणि दुपारपर्यंत तीनदा उसवले. आपण बेटाच्या भल्याचा विचार करत होतो असे त्यांनी कधी म्हटले नाही. ते पुढे लोकांनी चिकटवले. त्यांच्या मनात फक्त दोन गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या: एका ओळीतला तो शब्द आणि नवऱ्याचे पुढे सरकवलेले ताट.

नवव्या दिवशी सकाळी बोटीचे दोर सुटत होते, तेव्हा सुईकाकू धक्क्यावर आल्या. काखेत जाळ्याचा तुकडा, हातात दोर. बोटीकडे न पाहता, पाण्याकडे तर मुळीच न पाहता, त्या खाली बसल्या आणि जाळे दोरावर चढवू लागल्या. मोजणीबाई कठड्याला टेकून पाहत राहिली. दहा-बारा चुण्या झाल्या असतील, तेवढ्यात तिने कपाळावर हात मारला.

"निम्मं!"

"निम्मं," काकू म्हणाल्या. "माझ्या खोलीत शंभर, पाण्यात पन्नास. तुझी फीत बरोबर होती, माझं जाळंही बरोबर होतं."

"मग चुकलं कोण?"

"ते तू बघ. तू लिहिणारी."

दोर पुन्हा बांधले गेले. टोकापासून तीनशे मीटरवर जबडा तीनदा खाली गेला आणि तीनदा काळ्या गाळाने भरून वर आला. "ताई, ती पोरगी लहान मुलासारखी उड्या मारत होती," भावाने येऊन सांगितले, आणि मग आठवण झाल्यासारखा रुसून बसला. अंतिम अहवालात ती ओळ एका सरळ रेघेने खोडलेली आहे. शेजारी लिहिले आहे: 'माहिती बरोबर. मोजमाप समजण्यात माझी चूक.' खाली मोजणीबाईची आद्याक्षरे.

त्यानंतर इंजिनकाका घरात अकरा दिवस बोलले नाहीत. अकरा हा आकडा काकूंचा. भाऊ महिना सांगतो, पण त्याला फुगवून सांगायची खोड आहे. "भाऊजींपेक्षा इंजिन बरं," तो म्हणे, "सहाच्या ठोक्याला तरी तोंड उघडतं." बाराव्या दिवशी काका जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे." काकूंनी मीठ वाढले. मीठ कमी नव्हते, असे त्या शपथेवर सांगत.

केबल यायला पुढे चौदा महिने लागले. पलीकडच्या किनाऱ्यावरून एक मोठा तराफा तिला सोडत सोडत आला. शेवटचा टप्पा नारिंगी बोयांवर तरंगत किनाऱ्याशी आला आणि अर्ध्या बेटाने दोर ओढून तिचे टोक वाळूवर घेतले. पाहिल्यावर लोकांची जरा निराशाच झाली. जेमतेम मनगटाएवढी जाड. "एवढ्याशा दोरीला अख्खं बेट टांगायचं?" असे कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. इंजिनकाका हसले नाहीत, पण ओढणाऱ्यांच्या रांगेत ते होते. एका छायाचित्रात त्यांची पाठ दिसते. पाठ त्यांचीच, हे काकूंनी सदऱ्याच्या ठिगळावरून ओळखले. ठिगळाला जाळ्याची गाठ होती.

इंजिन बंद करण्याचा हुकूम लेखी होता: अमुक तारखेला दुपारी चार वाजता इंजिन थांबवावे, त्यानंतर लगेच केबलचा पुरवठा सुरू करण्यात येईल. त्या एका दिवसापुरते इंजिन दुपारीच सुरू केले होते, अधिकाऱ्यांना बदल डोळ्यांदेखत पाहता यावा म्हणून. वीज कचेरीच्या अहवालात वेळ चार अशीच आहे. काकांच्या वहीत चार चाळीस आहे. दोन्हींतून निवडायची तर वहीची वेळ निवडावी. त्या माणसाने खोटा आकडा कधी लिहिला नाही.

ती चाळीस मिनिटे कशी गेली, हे फक्त काकूंना माहीत. चार वाजले तेव्हा बाहेर माणसे, खुर्च्या, घड्याळे. काकू गर्दीच्या मागे उभ्या होत्या. खोपीचे दार अर्धवट उघडले आणि तेलकट चिंधी धरलेला एक हात बाहेर आला. हात त्यांना बोलावत होता.

एवढ्या वर्षांत त्या खोपीत कधी बसल्या नव्हत्या. डबा द्यायचा आणि निघायचे. त्या आवाजात दुसरे करणार काय? आत बाकडे होते, एका माणसापुरते झिजलेले. काका सरकले. काकू बसल्या. बाकडे थरथरत होते, दात थरथरत होते, समोरच्या तबकडीतला काटा थरथरत होता.

मग काका बोलू लागले. काट्यावर नजर लावून, ओठ हलवत, सावकाश. बराच वेळ. एक शब्द ऐकू येत नव्हता. काकूंनी कान जवळ नेला असता तर कदाचित काही कळले असते. त्यांनी नेला नाही. का नेला नाही, हे सांगताना त्या दर वेळी वेगळे कारण देत. तेव्हा खरे कारण नोंदवता येत नाही. काका थांबले की त्या मान हलवत. काका पुन्हा बोलत, त्या पुन्हा मान हलवत. बाहेर कोणीतरी दार वाजवले. काकांनी वहीत वेळ लिहिली, उठले आणि डिझेलचा कॉक फिरवून बंद केला.

चाक एकदम थांबले नाही. जड होत होत, एकेक फेरा मोजत थांबले. बाहेर टाळ्या पडल्या, आणि त्या पहिल्यांदाच इतक्या स्पष्ट ऐकू आल्या की दोघेही दचकले.

"काय म्हणत होतात?" काकूंनी विचारले. आवाज नेहमीसारखा मोठाच निघाला.

"तू मान हलवत होतीस ना?"

"हो."

"मग झालं. सगळं कबूल केलंस."

आपण नेमके काय कबूल केले, ते काकूंना शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर काका एकोणीस वर्षे जगले, आणि त्या एकोणीस वर्षांत दुसरा चहा, उघडी खिडकी, नको असलेला पाहुणा, खोलीतल्या खुर्चीची जागा, काहीही हवे असले की म्हणत, "त्या दिवशी तू हो म्हणालीस." आणि काकू उठून चहा टाकत.